वायफाय बंद करण्याचं कारण

नाव व पूर्ण पत्ता वर नोंदवला आहे. वय त्रेसष्ट. धंदा कपडे दुरुस्तीचा, घरी बसून. राहणार दुसरा मजला, जिना चढून गेल्यावर डाव्या हाताचं दार. घरात माणसं: एक.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी लग्नापासून राहते. माझे पती हयात नाहीत. एक मुलगा आहे, तो नोकरीनिमित्त परदेशात असतो. सून आणि नातही तिथेच आहेत. माझ्याकडे दुरुस्तीचे कपडे कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून येतात. पूर्वी गिऱ्हाइकं स्वतः वर यायची, मापं द्यायची, पाणी पिऊन जायची. आता लाँड्रीवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवतो आणि झालेली पिशवी घेऊन जातो. आसपासच्या बऱ्याच लोकांच्या कमरेचं माप मला माहीत आहे, पण रस्त्यात ते दिसले तर मी त्यांना ओळखणार नाही आणि ते मला ओळखणार नाहीत.

या घटनेत जखमी झालेले गृहस्थ माझ्या शेजारी, उजव्या हाताच्या दारात राहतात. वय सत्तरच्या आसपास. बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. इमारतीत सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते. पत्नी वारल्यावर ते इथे राहायला आले. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत सामाईक आहे. माझं शिलाई मशीन त्याच भिंतीला लागून आहे.

वायफायबद्दल विचारल्यावरून सांगते की, ते माझ्या मुलाने घेऊन दिलं आहे आणि कनेक्शन त्याच्याच नावावर आहे. त्याला माझ्याशी फोनवर चेहरा बघून बोलता यावं म्हणून घेतलं. रविवारी तो फोन करतो. ड्रायव्हरसाहेबांना त्यांच्या मुलीने एक टॅब आणून दिला होता. पण त्यांच्या घरी वायफाय नव्हतं. त्यांनी एक दिवस दारात येऊन विचारलं, "ताई, तुमचं नेट भिंतीतून आमच्याकडे येतंय. पासवर्ड दिलात तर मी जास्त खाणार नाही." मला हसू आलं. मी पासवर्ड दिला. रेंज भिंतीपाशी चांगली मिळते म्हणून त्यांनी आपली खुर्ची त्या भिंतीला लावून घेतली. त्यामुळे टॅबवर काय चालू आहे त्याचा आवाज मला मशीनवर बसल्यावर ऐकू येत असे. मशीनचा आवाज त्यांना जात असावा. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

टॅबवर ते बसचे व्हिडिओ बघत. कुठल्याकुठल्या गावांत बस चालली आहे, ड्रायव्हरच्या जागेवरून रस्ता दिसतो आहे, असे ते व्हिडिओ असतात. बोलणं काही नसतं, फक्त इंजिनाचा, दार उघडण्याचा आणि पावसात काच पुसणाऱ्या वायपरचा आवाज. मी एकदा म्हटलं, "आयुष्यभर बस चालवलीत, अजून हौस फिटली नाही?" ते म्हणाले, "चालवताना बघायला कुठे मिळत होतं? आणि हे बघा, हा बाबा चढावर अजून वरच्या गिअरमध्ये आहे. इंजिन रडतंय, ऐकू येत नाही त्याला?" त्या दिवसापासून मलाही इंजिन रडतंय का ते कळायला लागलं.

तेव्हा आमच्याकडे वायफायची जुनी पेटी होती. ती दर दोन-चार दिवसांनी मान टाकायची. नेट गेलं की आधी भिंतीपलीकडची बस थांबायची आणि थोड्या वेळाने दारावर टकटक व्हायची. "ताई, नेट गेलंय का?" मी म्हणायची, "गेलंय. बंद करून चालू करते."

बंद करून चालू कसं करायचं ते मुलाने मला फोनवर शिकवलं होतं, कारण मी सुरुवातीला एकदम भिंतीवरचं बटण दाबायची आणि मग तासभर काही जोडलं जायचं नाही. दोन पेट्या आहेत. एक छोटी, जिच्यात बाहेरची तार येते, आणि एक मोठी, जिला शिंगं आहेत. आधी मोठी बंद करायची, मग छोटी. जरा थांबायचं. मग आधी छोटी चालू करायची, तिचे दिवे लुकलुकायचे थांबून स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि मगच मोठी. मुलगा म्हणाला होता, "आई, घाई केलीस तर त्या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत." ही पद्धत हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावली. त्यांच्या घरीही हाच त्रास आहे.

दिवे स्थिर होईपर्यंत ड्रायव्हरसाहेब थांबत. सुरुवातीला उंबऱ्याबाहेर. मग आत, दारापाशी. मग स्टुलावर. पुढे चहा होऊ लागला. चहाचं कारण असं की दोन्ही पेट्या लागायला जेवढा वेळ लागतो तेवढाच चहाला लागतो. जुनी पेटी लागली तरी त्यांचा टॅब आपणहून जोडला जात नसे, पासवर्ड पुन्हा घालावा लागे. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता म्हणून तो मी घालून देई. एकदा त्यांच्या शर्टाची कॉलर विरलेली दिसली, ती मी उसवून उलटी करून शिवून दिली. त्याचे त्यांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मशीनच्या पायडलला तेल घालून दिलं. एवढाच व्यवहार.

ते मला काय म्हणून हाक मारत, असं विचारल्यावरून सांगते की, आधी ताई म्हणत. पुढे ताई म्हणायचं बंद झालं. दुसरं काय म्हणायचं ते ठरलं नाही, म्हणून ते "अहो, ऐकलंत का" असं म्हणत. मी त्याला हरकत घेतली नाही.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आधी मुलाने तिकडून कंपनीत तक्रार केली आणि कंपनीचा माणूस येऊन नवी पेटी बसवून गेला. मी त्याला तक्रार करायला सांगितलं नव्हतं. रविवारच्या फोनवर चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, त्याचा त्याला वैताग यायचा. कंपनीचा माणूस म्हणाला, "मावशी, आता हे कधी जाणार नाही. आणि गेलंच तरी सगळे फोन आपापले जोडले जातील. शेजाऱ्यांना आता फेऱ्या नकोत." त्याचं काम चांगलं होतं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

नवी पेटी खरोखरच एकदाही बंद पडली नाही. रविवारच्या फोनवर मुलाचा चेहरा स्वच्छ दिसायला लागला. पूर्वी अर्धा फोन "आता दिसतंय का, आता ऐकू येतंय का" यातच जायचा, तो पुन्हा पुन्हा लावायचा. आता पहिल्या झटक्यात लागतो. जेवलीस का, हो. गोळ्या घेतेस ना, हो. नातीला दाखवतो, ती हात हलवते. मग बोलायला फारसं उरत नाही.

ड्रायव्हरसाहेबांचं येणं त्याच दिवसापासून थांबलं. भांडण किंवा रुसवा काही नव्हता. जिन्यात भेटले तर "बरंय ना?" असं ते विचारत, "बरंय" असं मी म्हणे. भिंतीपलीकडे बस चालू असायची, ती थांबायची नाही. असे बरेच आठवडे गेले. दुधाच्या पिशव्या मी एकीवर आणल्या. दुसरी नासून जात होती.

वायफाय मुद्दाम बंद केलं का, असं विचारल्यावरून सांगते की, होय. पहिल्यांदा ते मुद्दाम झालं नाही. भिंतीवरच्या प्लगला इस्त्री लावायची होती म्हणून मी पेटी काढली. बस थांबली. मी इस्त्री तापत ठेवून उभी राहिले. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. ड्रायव्हरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून टॅब हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "अहो, ऐकलंत का, नेट गेलंय वाटतं. आम्ही तर समजलो होतो, आता ते अमर झालं." मी म्हटलं, "बंद करून चालू करते. बसा." त्या दिवशी ते बराच वेळ बसले. घाटातल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा नसतो, ते त्यांनी मला स्टुलावर बसून, पाय दाबून दाखवलं.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा बंद करू लागले. रोज केलं नाही, कारण रोज केलं असतं तर कळलं असतं. वेळ दुपारची, त्यांची झोप झाल्यावरची. दर वेळी नीट पद्धतीने, आधी मोठी, मग छोटी. कारण घाईने केलं असतं तर पुन्हा लागायला त्रास झाला असता, आणि त्यांना त्रास व्हावा असा हेतू नव्हता. हे वाक्य मी सांगितलं तसंच लिहावं ही विनंती.

दर वेळी ते इस्त्रीच्या शर्टात येत. घरी ते बनियनवर बसतात असं ते एकदा म्हणाले होते. मी पाहिलेलं नाही.

घटनेच्या दिवशी चारच्या सुमारास मी हातातलं काम संपवलं, दूध गॅसवर ठेवलं आणि पेट्या बंद केल्या. बस थोडी पुढे जाऊन थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं ऐकू आली. मग काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, टॅब पडला. मी कप खाली काढले.

ते आले नाहीत. दूध उतू जायला आलं, ते मी उतरवून ठेवलं. मला वाटलं, कोणाचा फोन आला असेल. मग वाटलं, ओळखलं त्यांनी. आपलं नाटक त्यांच्या लक्षात आलं आणि आता ते मुद्दाम येत नाहीत. मला अतिशय लाज वाटली. साडेचारच्या पुढे केव्हातरी मी छोटी पेटी चालू केली, दिवे स्थिर झाल्यावर मोठी. थोड्या वेळाने पलीकडे बस आपोआप सुरू झाली. बस सुरू झाली म्हणजे ते खुर्चीत जाऊन बसले, असं मी समजले. मी चहा केला नाही. मशीनवर बसले आणि उरलेल्या पँटी शिवायला घेतल्या. त्यातली एक मी दोनदा उसवली.

त्यांच्या दारावर जाऊन का पाहिलं नाही, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. त्यावरून सांगते की, त्यांच्या दारावर मी आजवर कधीच टकटक केली नव्हती. नेट आमचं होतं. ते गेलं तर विचारायला त्यांनी यायचं. मी काय विचारायला जायचं? माझ्याकडे काही काम नव्हतं.

बस चालूच राहिली. एक व्हिडिओ संपून दुसरा लागला, दुसरा संपून तिसरा. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ते टॅब बंद करून भात लावतात, कुकरची शिट्टी मला ऐकू येते. त्या दिवशी शिट्टी झाली नाही. त्यांच्या दारावरची काच अंधारी दिसत होती. बस मात्र चढावावर होती आणि इंजिन रडत होतं. असं इंजिन रडलं की ते तिथल्या तिथे मोठ्याने शिवी घालतात, सौम्य शिवी आहे. त्या दिवशी घातली नाही.

म्हणून मी दुसऱ्यांदा बंद केलं. या वेळी पद्धत पाळली नाही, सरळ भिंतीवरचं बटण दाबलं. बस थांबली आणि दोन्ही घरांत शांतता झाली. मी मशीन बाजूला सरकवलं आणि भिंतीला कान लावला. काही ऐकू येईना. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण तोंडात बसलेलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, ऐकलंत का?" दोनदा म्हटलं. मग खालून, जमिनीच्या जवळून, भिंतीवर बोटाने वाजवल्यासारखा आवाज आला. टक, टक. दारावर करतात तसाच.

मी जिन्यावरून खाली गेले. पायात चप्पल नव्हती. खाली वॉचमन आणि इस्त्रीवाला बोलत उभे होते. वॉचमन म्हणाला, "आजी, दार फोडायचं म्हणजे जबाबदारी कोणाची? मालक ओरडतील." मी म्हटलं, "माझी. लिहून घे, आणि चल." माझा आवाज चढला होता. वॉचमनने तसं सांगितलं असेल तर ते खरं आहे. इस्त्रीवाल्याने ठाण्याला फोन केला. दोन पोलीस आले. वॉचमनने कडी उचकटून काढली.

ड्रायव्हरसाहेब खुर्ची आणि दार यांच्या मध्ये, भिंतीच्या कडेला जमिनीवर पडलेले होते. अंगात धुतलेला शर्ट होता, एकच बाही घातलेली, दुसरी पाठीखाली अडकलेली. एक पाय वेडावाकडा झाला होता. त्यांचा फोन पलंगाखाली गेला होता. शुद्धीवर होते. ओठ सुकले होते. मी वाटीत पाणी आणलं, पण एका पोलिसाने पाजू नका म्हणून सांगितलं. मी ओढणीचं टोक भिजवून त्यांच्या ओठांना लावलं.

त्यांनी माझ्याकडे बघून जे म्हटलं ते असं: "दुसऱ्यांदा बंद केलंत तेव्हा म्हटलं, आता येताय."

हे वाक्य दोन्ही पोलिसांनी आणि वॉचमनने ऐकलं. ते "बंद झालं" म्हणाले नाहीत, "बंद केलंत" म्हणाले. याच शब्दावरून पुढची चौकशी सुरू झाली, हे मला माहीत आहे. तो शब्द त्यांनी तसाच उच्चारला हे मी मान्य करते. त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. किती आधीपासून, ते मला माहीत नाही.

त्यांना स्ट्रेचरवरून खाली नेलं. मी सोबत जायला निघाले तेव्हा रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" मी म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, "घरच्यांनाच बसता येतं." मी वर आले. त्यांच्या दाराला वॉचमनने तात्पुरती साखळी लावली होती. माझ्या घरात अंधार होता. मी भिंतीवरचं बटण लावलं आणि छोटी पेटी, मोठी पेटी करत बसले. सगळे दिवे लागल्यावर पलीकडे बस पुन्हा सुरू झाली. टॅब खुर्चीतच राहून गेला होता, कोणी बंद केला नव्हता. मी वायफाय बंद केलं नाही. टॅबचं चार्जिंग संपेपर्यंत बस चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यांना ऑपरेशनला नेलं होतं. बाहेर त्यांची मुलगी बसली होती, रात्रभर प्रवास करून आलेली. तिला मी यापूर्वी फक्त आवाजाने ओळखत होते, भिंतीपलीकडून. मी माझी ओळख सांगितली. तोपर्यंत तिला पोलिसांकडून सगळं समजलं होतं, मी आदल्या संध्याकाळीच ते त्यांना सांगून टाकलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हीच त्या. घंटी वाजवून नोकराला बोलावतात तसं माझ्या वडिलांना बोलवत होतात. एका बटणावर नाचवलंत त्यांना. सत्तरीचा माणूस तो. घाईघाईत उठून पडला. आणि तुम्ही तीन तास पलीकडे बसून होतात."

तिने जे म्हटलं त्यात चुकीचं काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "आणि नेटचं एवढं काय घेऊन बसलात? बाबांच्या फोनमध्ये मी दर महिन्याला नेट भरते. माझ्याकडे राहायला आले की फोनचं नेट टॅबला लावून त्या बसगाड्या बघत बसतात. स्वतः लावतात, मला विचारतसुद्धा नाहीत. तुमचं नेट गेलं काय आणि राहिलं काय, त्यांना काय फरक..."

एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत होते. मग ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तिच्या ओढणीचा काठ उसवला होता, तो लोंबत होता.

त्यांच्याकडे स्वतःचं नेट होतं तर ते माझ्या दारावर का येत होते, असं हवालदारसाहेबांनी विचारलं. ते त्यांनाच विचारावं.

ऑपरेशन नीट झालं. नंतर मी एकदा भेटायच्या वेळेत गेले. मुलगी औषधं आणायला गेली होती. ते औषधाच्या गुंगीत झोपले होते. हॉस्पिटलचा झगा त्यांना आखूड होत होता. मी खुर्चीवर बसले. उठवलं नाही. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "मिस्टर का?" मी म्हटलं, नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी निघाले. मी येऊन गेले हे त्यांना कोणी सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही.

कनेक्शन मुलाच्या नावावर असल्यामुळे ठाण्यातून त्याला फोन गेला होता. मुलगा कधी कामाच्या दिवशी फोन करत नाही, त्या दिवशी केला. घाबरला होता. म्हणाला, "आई, कंटाळा येत होता तर मला सांगायचं ना." काय सांगायचं होतं ते त्याला विचारावंसं वाटलं, पण तिकडे त्याचं ऑफिस सुरू होतं. मग म्हणाला, "आता तू त्या पेट्यांना हातच लावू नकोस. मी इथूनच चालू-बंद करता येईल असं काहीतरी बसवून घेतो." मी बरं म्हटलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले आहेत, ते मी पहिल्यांदा पाहिले.

आज इथे आल्यावर मला सांगण्यात आलं की, ड्रायव्हरसाहेबांनी हॉस्पिटलमध्ये दिलेल्या जबाबात आपली कोणाविरुद्ध काही तक्रार नाही असं म्हटलं आहे. पडण्याचं कारण त्यांनी "शर्ट घालताना तोल गेला" असं दिलं आहे. मुलीनेही आपली तक्रार पुढे न्यायची नाही असं सांगितलं आहे. हॉस्पिटलमधून सोडल्यावर ती त्यांना आपल्या घरी, आपल्या शहरात कायमचं नेणार आहे. तिच्याकडे लिफ्ट आहे. शेजारची जागा महिनाअखेर रिकामी होईल. हे मला हवालदारसाहेबांकडून समजलं, त्याआधी माहीत नव्हतं. हे ऐकल्यावर त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं, पण मला काही झालं नव्हतं.

त्यांच्या मुलीला काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावरून सांगते की, त्यांची खुर्ची तिथे खिडकीपाशी ठेवू नये, भिंतीपाशी ठेवावी. त्यांना पाठीला आधार लागतो. आणि भात ते मऊ खातात. बाकी काही नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जे केलं ते मी एकटीने केलं, कोणी सांगितलं नव्हतं. पुन्हा चौकशीला बोलावलं तर मी येईन. आधी कळवलं नाही तरी चालेल, मी दिवसभर घरीच असते.

वरील जबाब माझ्या सांगण्यावरून लिहिला असून हवालदारसाहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्येच त्यांना फोन आला, त्यामुळे परत आल्यावर त्यांच्याकडून चहाबद्दलचं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं गेलं. मी त्यांना थांबवलं नाही. दोन्ही वेळा ते बरोबर होतं.

सही.